हाळीतलं नाव

पांडूचा आवाज म्हणजे वाडीची मालमत्ता. पायथ्याच्या कापडे गावातून डोंगर चढून वर आलं की मोबाइलची रेंज जाते, मग माणसं गोळा करायची कुणी? पांडूनं. वरच्या आळीच्या पहिल्या घरासमोर उभा राहायचा, कानावर हात ठेवायचा आणि हाळी द्यायचा. नुसतं 'या हो' म्हणून भागत नाही, बरं का! प्रत्येक घराचं नाव घ्यायचं, वरून खाली, एकही न गाळता. ज्याचं नाव हाळीत आलं ते घर गावकीत. भाऊ-भाऊ वेगळे झाले, चुली दोन झाल्या, की धाकटा दुसऱ्या दिवशी पांडूच्या दारात हजर. "काका, आता माझं पण वेगळं नाव घ्या."

उभा जन्म त्यानं हे केलं. लग्न असो, मयत असो, पाण्याच्या टाकीचं भांडण असो, पांडूनं नावं घेतली की वाडी देवळासमोर जमायची. माणूस तसा गरीब स्वभावाचा. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण भित्रा! इतका भित्रा की बायको रखमासुद्धा त्याला विचारून कधी काही ठरवायची नाही.

वाडीच्या खालच्या टोकाला फणसाखाली काशीबाईचं घर. नवरा सोमा गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण हाळीत ते अजून 'सोमाचं घर' होतं. मुलगा सुहास महाडला कारखान्यात. तळीयेवर दरड आली तेव्हा चिखलातून माणसं काढायला गेलेला तो पोरगा. त्यानंतर मुंबईला राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळानं ठरवलं की देवळामागचा डोंगर कापून सभागृह बांधायचं. सुहासनं तहसीलला अर्ज दिला, वर भेग आहे, कापू नका. साहेब आले, भेग बघितली, काम बंद. आता सांगा, पोरानं वाडी वाचवायला केलं की बुडवायला? पण मंडळाचं नाक कापलं गेलं ना!

मंडळाचा सेक्रेटरी अश्विन. राहतो विरारला, गावात येतो आठवडाभर, ऐट मात्र बारा महिन्यांची. त्यानं गावकी बसवली. "बहिष्कार हा शब्द कोणी तोंडातून काढायचा नाही," तो म्हणाला. "कायदा आहे, लफडं होईल. आपण काहीच करायचं नाही. फक्त हाळीत त्यांचं नाव घ्यायचं नाही. सिंपल."

सिंपल! पांडूनं नाव गाळलं आणि काशीबाई जिवंतपणी वाडीतून गेली. विहिरीवर ती आली की बाया घागरी उचलायच्या. तिची गाय मेली तर ओढायला कुणी आलं नाही. सुहास महाडहून मजूर घेऊन आला. "चल माझ्याकडं," तो किती वेळा म्हणाला. म्हातारी हलेना. "माझा गाव हाय रे. आज नाय तर उद्या बोलावतील."

मे महिन्यात मुंबईकर आले आणि मंडळानं स्नेहमेळावा ठरवला. देवळासमोर मांडव, वर भलामोठा बॅनर, 'एक गाव, एक कुटुंब'. घरटी पाच भाकऱ्या आणायच्या, आमटी मंडळाची. एकोपा वाढवायचा होता म्हणे.

सकाळी पांडूनं हाळी दिली. त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नात सेजल, तिची हळद आठवड्यावर आलेली, मांडवाच्या मेढी अजून आणायच्या होत्या. तोंड आपलं सवयीनं चाललं होतं. वरची आळी झाली, मधली झाली, खालची झाली. घरी येऊन टेकला तर रखमा चुलीपुढून उठलीच.

"तुम्ही सोमाचं नाव घेतलंत."

"काय बोलतेस!"

"घेतलंत. मी ऐकलं."

पांडूनं स्वतःची समजूत घातली. कुणी एवढं कान देऊन ऐकत नाही.

एका माणसानं ऐकलं होतं. दुपारी पंगत मांडायच्या वेळेला काशीबाई मांडवात आली. ट्रंकेतलं जांभळं लुगडं, केसांना तेल, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. तिनं त्या आपल्या हातानं टोपलीतल्या ढिगावर ठेवल्या, मागून आलेल्या दोघींनी आपल्याही त्यावर टाकल्या, सगळ्या मिसळून गेल्या, आणि ती बायांच्या पंगतीच्या टोकाला बसली. तोंडभर हसत होती बिचारी. "पांडूनं नाव घेतलं, तवा मी रडलेच गो," ती शेजारणीला म्हणाली. "पोराचं गावानं पोटात घातलं." शेजारीण सरकून बसली.

अश्विन पांडूसमोर येऊन उभा राहिला. "पांडूकाका, मुद्दाम घेतलंत की चुकून?"

मुद्दाम म्हटलं असतं तर काय झालं असतं? पांडूला सेजलची हळद दिसली. मांडव, पाट, आणि हळद लावायला एक हात नाही.

"चुकून," तो म्हणाला.

"मोठ्यानं सांगा. हाळी देता तसं."

आणि पांडूनं कानावर हात ठेवला हो! ठेवला! "चुकून गेलंऽऽ! सोमाच्या घराला बोलावणं नायऽऽ!"

काशीबाई ऐकत होती. हसू अजून तोंडावरच होतं, ते पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

"तिच्या भाकऱ्या काढा," अश्विन म्हणाला. "ताटात गेल्या तर जेवलोच ना तिच्या हातचं."

ढिगात सगळ्या तांदळाच्याच भाकऱ्या, सगळ्या पांढऱ्या. पण बायांना अडचण पडली नाही. आयुष्यभर त्या काशीच्या हातचं जेवल्या होत्या. बाळंतपणात जेवल्या होत्या, सुतकात जेवल्या होत्या. पातळ, काठाला जरा जाड, मधे बोटांचे ठसे. "ही काशीची. ही पण काशीची." सगळ्यांत भराभर हात रखमाचा चालत होता. दोघी एकाच वर्षी या वाडीत सुना म्हणून आलेल्या, एकीनं दुसरीकडून थापायला शिकलेल्या. रखमानं पाचही बाहेर काढल्या, फडक्यात बांधल्या आणि काशीबाईच्या मांडीवर ठेवल्या. तिच्याकडे बघितलं नाही.

काशीबाई उठली. पांडूच्या समोर आली तेव्हा त्यानं मान खाली घातली.

"पांडू," ती म्हणाली, "मी मेले की तू हाळी देऊ नको. तुझ्या तोंडून माझ्या घराचं नाव परत नको."

आणि गेली, फणसाच्या दिशेनं, फडकं छातीशी धरून. कुणी थांब म्हटलं नाही.

आमटी वाढली गेली. जेवणं झाल्यावर अश्विननं माईक हातात घेतला. इतकी वर्षं या वाडीत दोन माणसांचं एका गोष्टीवर पटत नव्हतं, तो म्हणाला, पण आज आपण सगळे एक झालो. खोटं काय होतं त्यात? एकही माणूस वेगळं बोलला नव्हता. मांडवात टाळ्या पडल्या. पांडूनं इकडं-तिकडं बघितलं आणि त्यानंही वाजवल्या.