तिवरांचं मोजमाप

सुमे, लग्न होऊन मी निघाले त्या सकाळी बाबांनी माझी ट्रंक एसटीत चढवली आणि खिडकीखाली उभे राहून तेच तेच विचारत राहिले. तिकीट नीट ठेवलं का, पाणी घेतलं का. आई एकदाच बोलली, "तिकडं झाडं असतील का वो?" वनरक्षकाची बायको ती, सगळा जन्म सागाच्या जंगलाकाठी गेलेला. जावई विठ्ठलवाडीला चाळीत राहतात आणि कारखान्यात जातात, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. तू रागावून घरीच बसली होतीस.

झाडं नव्हती. एक खोली, समोर पत्र्याच्या शेड, नळाला सकाळी तासभर पाणी. नव्वद साल संपत आलेलं. बी.एस्सी. होऊन मी तांदूळ निवडत बसायचे, तेव्हा तुझ्या भाऊजींनीच पेपरातली जाहिरात दाखवली: पोस्टाने वनशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण. मी फॉर्म भरला.

तुम्हाला मी पत्रात "अभ्यास छान चाललाय" असं लिहायचे. खरं सांगते, पोस्टमन दिसला की हातातलं काम टाकून दाराशी धावायचे. उत्तरपत्रिका पोचली का, हरवली का, नापास केलं का, कळायला महिना-दीड महिना जायचा. रविवारी ठाण्याला वर्ग असायचा. त्यात बाकी सगळे वनखात्यातले नोकरदार, त्यांच्या गप्पा त्यांच्या जंगलांच्या. झाडांचा घेर मोजायला माझ्याकडे शिंप्याची टेप, ती मी पर्समध्ये लपवून बसायचे.

प्रोजेक्टसाठी प्रत्येकाने जंगलाचा एक तुकडा निवडायचा, तिथली झाडं मोजायची आणि वर्षाने तीच झाडं पुन्हा मोजायची. मी जंगल कुठून आणू? शेवटी डोंबिवलीच्या खाडीकाठी तिवरं दिसली, खाऱ्या चिखलात उभी असलेली. पहिल्याच दिवशी गुडघ्यापर्यंत रुतले. मागून हाक आली, "काय करतंस गो पोरी चिखलान? माझे पाठी ये."

त्या चंद्रामावशी. जवळच्याच गावातल्या, खाडीत खेकडे धरणाऱ्या. पाय कुठे टाकायचा आणि भरती कधी येते, ते त्यांनी मला शिकवलं. मी बुंध्यांवर रंगाने आकडे घातले, चाळीस झाडांवर. टेपचं दुसरं टोक मावशींनी धरलं.

वर्षाने पुन्हा गेले तेव्हा मला सातवा महिना होता आणि रिपोर्ट द्यायला तीन आठवडे उरले होते. माझ्या झाडांच्या जागी लाल मुरमाचा भराव. बाजूला ट्रक उभा. कडेला सात-आठ तुटके बुंधे तेवढे राहिलेले, त्यातल्या दोनच बुंध्यांवर माझा आकडा.

तुझे भाऊजी म्हणाले, "अगं, घरी बसून आकडे टाक ना. झाडं थोडी वाढली म्हणायचं. कोण येणारे बघायला?" मला ते तेव्हा पटलं, हे तुला कधी सांगितलं नाही. मी पेन्सिलीने चाळीस आकडे लिहिले, अगदी खरे वाटतील असे. बाळ झाल्यावर आणखी एक वर्ष कुठून काढणार होते? दोन दिवस तो तक्ता स्टोव्हजवळच्या फळीवर होता. बाबा भर पावसात एकेक झाड हाताने चाचपून मग वहीत लिहायचे, तेच आठवत राहिलं. तिसऱ्या दिवशी सगळे आकडे खोडले.

मग मावशींकडे गेले. भराव कोणी टाकला, असं विचारलं. "माझे दिरान," त्या म्हणाल्या. "जागा आमचीच हाय, त्यान इकली. आता खेकडे धराला मी कुठं जाव?" मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "झाला ता लिव. पण त्याचा नाव नको लिवू गो."

मी लिहिलं, नाव वगळून. उरलेले बुंधे मोजले. ठाण्याला तोंडी परीक्षेत माझं पोट टेबलाला टेकत होतं. परीक्षकांनी विचारलं, "दुसरं मोजमाप कुठंय?"

"सर, झाडंच राहिली नाहीत."

त्यांनी पानं परत चाळली. "खरं लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले, "पण काम अपुरं आहे. पास करता येणार नाही."

ठाण्यातच खोपटच्या एसटी डेपोत बाकावर बसून मी रडले. समोर येईल त्या गाडीत बसून निघून जावं, असं वाटलं.

मुलगी झाली. ती पाच महिन्यांची असताना मी खाडीत अजून आतला एक तुकडा निवडला. ती मावशींच्या पडवीत झोळीत आणि मी चिखलात. पाणी चढतंय का, ती उठली असेल का, हा तुकडा तरी वर्षभर राहील का, एवढंच डोक्यात. राहिला. मी सेकंड क्लासमध्ये पास झाले. वनखात्यात नोकरी काही मिळाली नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवते.

गेल्या दिवाळीत तिकडे आले तेव्हा दोन दिवस सागाखाली फिरले, पण मनात सारखं, आज ओहोटी कितीला असेल. निघताना तू स्टँडवर आलीस. गाडी हलली आणि तू विचारलंस, "ताई, आता घरी कधी?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी."

तुझा चेहरा उतरला. का, ते मला पुढचा फाटा येईपर्यंत कळलं नाही. तू विचारत होतीस, परत कधी येशील. आणि मी सांगितलं, विठ्ठलवाडीला कधी पोचेन ते.