जिवंत माणसाला हार

यवतमाळच्या आमच्या चित्रशाळेत मागच्या बाजूला एक रिकामी खोली होती. आम्ही विद्यार्थी तिला कलादालन म्हणायचो, बाकीचे खोलीच म्हणायचे. खिळे ठोकण्यापासून पाहुणे बोलावण्यापर्यंत सगळा कारभार आमचाच, त्यामुळे गोंधळालाही दुसरा कुणी धनी नव्हता.

साठ सालानंतरची गोष्ट. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि मलाही तिथेच चिकटवायचं त्यांच्या मनात होतं. ‘तुह्यी चित्रं एकडाव पाह्यतो, मंग ठरवतो,’ एवढीच सवलत मिळाली होती. म्हणून दालनातल्या आमच्या पहिल्या प्रदर्शनात मी त्यांचंच चित्र काढून मधोमध टांगलं. खुशामत म्हणा हवं तर.

उद्घाटनाचे पाहुणे काही आले नाहीत. मी त्यांना शोधायला गेलो. इकडे सजावट सांभाळणाऱ्या मित्राला पाहुण्यांसाठी आणलेला हार वाया जाताना बघवेना. वांग्यांच्या चित्राला तो शोभेना, म्हणून त्याने माझ्या वडिलांना घातला. वर उदबत्तीही लावली. अक्कल वाटताना हा नक्की चहा प्यायला गेला असणार.

नेमकी त्याच वेळी लोहाऱ्याची माझी आत्या बाजार आटोपून भाच्याची चित्रं बघायला आली. समोर भाऊ, गळ्यात हार. ‘माह्या दादा रे,’ म्हणत ती मटकन खाली बसली. तिचा हंबरडा ऐकून रस्त्यावरची माणसं धावली. आमचं दालन पहिल्यांदाच गच्च भरलं.

मी परतलो तेव्हा दारात वडील उभे. केसांत कापूस तसाच. पुढच्या माणसाला विचारत होते, ‘कोन गेलं गा?’

‘तो काय, हारवाला,’ त्याने भिंतीकडे बोट केलं.

वडील गर्दीतून पुढे गेले आणि स्वतःच्या गळ्यातला हार स्वतःच काढला. त्यांना धडधाकट बघून आत्या आधी किंचाळली, मग चिडली.

‘चित्र हाय, हे दिसलं नाही तुले?’ वडिलांनी विचारलं.

‘दिसलं ना. पन डोये तुहेच होते, माह्याकडेच पाहत होते. मंग कशी नाही रडू?’

वडील चित्रासमोर बराच वेळ थांबले. मग हार माझ्या हातात देऊन घराकडे निघाले. संपलं आपलं शिक्षण, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा घेऊन जिनात गेलो. तिथल्या फिटरने मला बघून विचारलं, ‘आनलं काय पोराले कामावर?’

‘नाही,’ वडील म्हणाले. ‘तो चित्र काढते. त्याच्या चित्रात मानूस जित्ता दिसते.’

डबा हातात तसाच राहिला आणि मला रडू आलं.