आईभोवती उलटा फेरा

माझ्याच कानांवरचा माझा विश्वास उडाला होता, ते दिवस मी विसरणार नाही. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू व बोलणं दोन्ही गेलं. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून नागपूरला फिजिओथेरपीसाठी त्यांना नेणार कोण, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा पन्नाशी ओलांडलेली मी गाडी शिकले. वसाहतीतले लोक हसले. हसा म्हटलं. थोड्याच दिवसांत कोळशाच्या ट्रकांमधून मी गाडी अशी सफाईने काढू लागले, की हसणाऱ्याच बायका बाजाराला जाताना "जागा आहे का वं?" म्हणून विचारू लागल्या. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, तो लपवायचं काही कारण नाही.

आणि मग गाडी वळताना आवाज येऊ लागला. टक, टक, टक. सरळ रस्त्यावर काही नाही, पण वळलं की सुरू. ट्रकांच्या गोंगाटात तो कुठून येतो ते समजेना. हे जन्मभर वीज केंद्रात फिटर होते. शेजारी बसून त्यांना ऐकू येत असेलही, पण सांगणार कसे? ह्यांना घेऊन जाताना भर रस्त्यात काही झालं तर, ही धास्ती मला बसली. गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवा ताई. आवाज कोणत्या चाकातून येऊन राहिला ते ऐका, मग आणा."

माझे धाकटे दीर तेव्हा पारशिवनीहून भावाला बघायला आले होते. त्यांना शेजारी बसवून मी वसाहतीमागच्या मैदानात गेले. मैदानाच्या मधोमध कडुनिंबाखाली देवीचा ओटा आहे. नवी गाडी घेतली की आमच्याकडे आधी या ओट्याभोवती फिरवतात, देवी उजव्या हाताला ठेवून. मीही तशीच फिरवली. किती फेरे घातले कोण जाणे, पण गाडी अगदी शहाण्यासारखी गप्प! एरवी वळणावर बडबडणारी ही बया नेमकी आजच मुकी झाली म्हणून माझा संताप संताप झाला.

"वहिनी, आवाज गाडीत नाही, तुमच्या डोक्यात आहे जी," भाऊजी म्हणाले. "भेव बसलं तुमच्या मनात. दादाले घेऊन असं फिरणं बरं नाही. गाडी मी उद्या गावाले नेतो, तुम्ही त्याले ऑटोनं नेत जा." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. ठरवून टाकलं आणि चहा प्यायला पायीच घरी निघाले.

मी ओट्यावर बसले आणि देवीशी चक्क भांडले. ऑटोत ह्यांना धड बसता येत नाही, कलंडतात, हे तुला दिसत नाही का? आवाज खरंच माझ्या डोक्यात असेल तर तसं कळू दे, चावी आत्ता देऊन टाकते. आणि गाडीत असेल तर ऐकव. मला आता समजेनासं झालंय, तूच बघ. एवढं बोलून डोळे मिटले.

"गाडी काहून गोल गोल फिरवून राहिली होती वं?" डोळे उघडले तर एक म्हातारी कडुनिंबाच्या बुंध्याशी तांब्यातलं पाणी घालत होती. पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. मी सगळं सांगितलं.

"पण तू तं एकाच अंगानं फिरून राहिली. दुसऱ्या अंगानं फीर."

"उलटा फेरा? देवीभोवती?"

"मंग? तू काहून फिरतं ते तिले ठाऊक नाही का? माय आहे ते. लेकरू कुठूनबी आलं तरी कडेवर घेते. जाय, फीर."

मी देवीला हात जोडले, गाडीत बसले आणि भीत भीत स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. अर्धा फेरा झाला नसेल तोच टक, टक, टक! स्वच्छ, मोकळा, उजव्या पुढच्या चाकातून, अगदी माझ्या पायांपुढून. वेग किंचित वाढवला की टकटकही वाढे. मी उतरले, पदर खोचला आणि वाकून चाकामागे पाहिलं. ऍक्सलच्या सांध्यावरचं रबर फाटलं होतं आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालं होतं. हसत वर पाहिलं तेव्हा म्हातारी निघून गेली होती.

भाऊजी परत आले तेव्हा त्यांना म्हटलं, "बसा." उलटा फेरा सुरू होताच ते दचकले. "वहिनी, हे तं खरंच आहे जी!" मग कान पकडले त्यांनी, आणि गॅरेजपर्यंत शेजारी बसून आले. गॅरेजवाल्याला मीच सांगितलं, उजवं पुढचं चाक, ऍक्सलचा सांधा, रबर फाटलंय. त्याने उघडून पाहिलं आणि मान डोलावली. सांधा पार झिजला होता. अजून थोडे दिवस चालवली असती तर गाडी भर रस्त्यात बंद पडली असती. नवा सांधा बसला.

ती म्हातारी कोण होती, याची चौकशी मी केली नाही. शेजारपाजारचीच कुणी असेल. मला तिच्या तोंडून जे मिळायचं ते मिळालं. आजवर मी आईपुढे नेहमी नीटनेटकी, रीतीने, उजवीकडूनच गेले. चुकत, घाबरत, उलट्या अंगाने गेले तरी ती तिथेच असते, हे मला त्या दिवशी कळलं. सगळं देवीच्या हवाली करणं म्हणजे हात सोडून बसणं असं मी समजत होते, पण तिने स्टिअरिंग माझ्याच हातात ठेवलं. आई, तुझे उपकार.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन निघाले. दवाखान्याच्या फाटकात डावीकडे वळताना हे मान पुढे करून ऐकू लागले. गाडी वळली, आवाज नाही. ह्यांनी धडधाकट डावा हात पलीकडून आणून माझ्या खांद्यावर दोनदा थोपटला. मशीन सुरळीत सुरू झालं की हे जोडीदार फिटरला थोपटायचे, तसा. डोळे भरून आले होते, पण आधी मी गाडी नीट लावली.