रोडग्याचा निरंक अहवाल

माझ्या पीएचडीचं यंत्र नागपुरात, आणि त्याच्यावर लक्ष ठेवून असलेले बाबा सौंसरला. कारण रोडगे. गोवऱ्यांच्या आरात, धगधगत्या निखाऱ्यांत भाजलेले, राख झटकून तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे म्हणजे बाबांचा जीव की प्राण. एकदा जेवताना मी सहज बोलून गेले की काळ्या, करपलेल्या सालीत बेंझिनची कडी कडीला जोडून झालेले रेणू असतात, आणि त्यांतले काही तब्येतीला वाईट. आईने दुसऱ्याच दिवशी सगळ्या गोवऱ्या शेजारी देऊन टाकल्या. घरात रोडगे बंद झाले आणि बाबा माझ्याशी कामापुरतं बोलू लागले.

"आधी तपासून आण," ते म्हणाले, "मंग बंद करा." निवृत्त हेडमास्तर, त्यांना प्रत्येक गोष्टीचा अहवाल लागतो. शेवटी आमच्याच गोवऱ्यांवर शेजाऱ्यांनी भाजलेल्या रोडग्याची साल खरवडून मी डबीत घालून नेली.

आमचं यंत्र रेणू तोलतं, पण त्याआधी रेणूवर विद्युतभार चढवावा लागतो. नेहमीची रीत म्हणजे जोरदार व्होल्टेज देऊन द्रावणाचा बारीक फवारा उडवायचा. रेणूने एखादा प्रोटॉन उचलला की तो यंत्राला दिसतो. कड्यांच्या या रेणूंना प्रोटॉनचं फारसं अप्रूप नाही. त्यांच्यासाठी अतिनील दिव्याची वेगळी रीत आहे, पण तो दिवा दुसऱ्या कुणाच्या कामात अडकलेला. म्हटलं, तोवर फवारा मारून तर बघू. पडद्यावर हव्या त्या जागी सपाट रेघ आली.

तेवढ्यात बाबांचा फोन. "काय निंगालं?"

"अजून काही दिसलं नाही, बाबा."

"म्हणजे निरंक."

माहितीच्या रकान्यात काही भरायचं नसलं की सरकारी शाळा हा शब्द लिहून मोकळी होते. संध्याकाळपर्यंत रामाकोन्याच्या आत्याला आणि मोहगावच्या मामांना रविवारचं आमंत्रण गेलं. रोडगे, वांग्याची भाजी, अहवाल निरंक.

मी बस पकडून घरी आले. "बाबा, ते रेणू चार्जच घेत नाहीत."

"घेत नाही म्हणजे? ऑर्डर निंगाली अन् जॉईनच नाही केलं?"

"तसंच समजा. हजेरीपटावर नाव नाही म्हणून पोरगं गावातच नाही, असं होते काय?"

हे मात्र बाबांना पटलं. न मोजता निरंक कळवणाऱ्या मास्तरांना त्यांनी नोकरीभर झापलं होतं.

नागपूरला परतल्यावर शुक्रवारी दिवा मिळाला. त्या रीतीत टोल्युइन नावाचं द्रावक मध्यस्थी करतं. दिव्याचा प्रकाश त्याचा इलेक्ट्रॉन उडवतो आणि ते आपली भरपाई कड्यांच्या रेणूंकडून करून घेतं. इलेक्ट्रॉन गेला की रेणूवर भार आलाच. सपाट रेघेवर तुरीच्या शेतासारखे शेंडे उभे राहिले. मला इतका आनंद झाला की ते माझ्याच बापाच्या ताटातले आहेत हे क्षणभर विसरले.

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसले. बाबा एकेका शेंड्यावर बोट ठेवून हळहळत होते. आई वांगी चिरत होती.

"हे खाणाऱ्याचं झालं," ती म्हणाली. "अन् फुकणारीचं?"

मला कळलंच नाही.

"मी कुठं सालीले भेत होती? मले तो धूर नोको होता. त्याईले खरपूस लागे अन् मले रातभर खोकला. तू बोलली, मले कारण भेटलं, म्हणून गोवऱ्या देल्या."

धूर मी तपासलाच नव्हता. डबीत साल मावत होती, म्हणून साल नेली. मला फार लाज वाटली. बाबांनी लॅपटॉप मिटला, "उद्या मी फुकतो" म्हणाले आणि शेजारी जाऊन गोवऱ्या मागून आणल्या.

आमंत्रणं गेलेली, त्यामुळे रविवारी रोडगे झालेच. बाबा स्वतः आरापुढे बसले, डोळे पुसत. करपलेली साल सुरीने काढायची, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. आईची खुर्ची त्यांनी वारा येतो त्या बाजूला मांडली होती. मधेच वारा फिरला. बाबा चिमटा टाकून उठले, आईला उठवलं, खुर्ची दुसरीकडे नेली, ती नीट बसेपर्यंत उभे राहिले. तोवर इकडे रोडगे जळून गेले.