पेटी न्यायला येणारा माणूस

ज्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, त्याला मी नीट ओळखत होतो असे म्हणायला जीभ रेटत नाही. त्याचे लग्न झाले होते, मोडले होते की झालेच नव्हते, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायचा. खरे तर हे त्यानेच लिहायला हवे. पण तो म्हणाला, मला सुईत दोरा ओवता येतो, वाक्यं ओवता येत नाहीत, तुम्हीच लिहा. मला येतात असे नाही, पण दोघांपैकी कुणीतरी लिहायला हवे होते.

आमच्या भागात सगळे त्याला पेटीवाला म्हणत. पेटी गाण्याची नव्हे. रुग्णवाहिका केंद्राच्या गच्चीवर ड्रोन ठेवलेले होते. कुणी कोसळल्याचा फोन आला, की रुग्णवाहिका निघायची आणि तिच्या आधी ड्रोन उडायचा. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र एका केशरी पेटीत घालून तो ते दोरीने दारात सोडायचा. मग यंत्रच बोलायचे, पट्ट्या कुठे चिकटवा, आता लांब व्हा, आता छाती दाबा. रस्त्यात गाड्या तुंबल्या तरी वरचा रस्ता मोकळा, असा त्यामागचा विचार. पण ड्रोन पेटी सोडून रिकामाच परत जायचा. पेटी उचलून न्यायची सोय त्यात नव्हती. ती न्यायला स्कूटरवरून एक माणूस यायचा. तोच हा.

माझी बायको स्वयंपाकघरात पडली तेव्हा अशीच पेटी आमच्या अंगणात उतरली. शिंपी ती घेऊन धावत वर आला, मोजायची टेप गळ्यात तशीच. यंत्राने तपासले आणि झटका देऊ नका असे सांगितले. मला हायसे वाटले. मी तिला म्हणालोही, अगं, काही नाही, गरजच नाही म्हणतंय. त्या वाक्याचा अर्थ असा होता, की झटक्याने सुरू होईल असे आत काही उरले नाही. हे मला नंतर दवाखान्यात समजावून सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मुलगा अजून विमानात होता, शेजारपाजारचे लोक जेवायला आपापल्या घरी गेले होते. दारात हेल्मेट काखेत धरून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, जरा पाणी मिळेल?" मी आत गेलो. पेला सापडेना. एक विसळला, पाणी आणून दिले. तो सावकाश प्यायला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन फळीवरच्या डब्यांकडे बघत त्याने विचारले, डब्यांवरची अक्षरं त्यांची का? मी हो म्हणालो. साखर, रवा, डाळ, तिने चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या होत्या. त्या मी कधी वाचल्या नव्हत्या. मग मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. मुलगा येईपर्यंत तो बसला. पेटी शेगडीजवळ झाकण उघडे टाकून पडली होती, तिचे नाव त्याने जाताना काढले. "ही नेतो, काका. घाई नव्हती काही."

घाई होती. केंद्राकडे पेट्या मोजक्या होत्या, कारण त्या महाग. एक पेटी कुणाच्या घरात अडकली, की तिचा ड्रोन गच्चीवर उन्हात नुसता तापत उभा. हे सगळे मला पुढे कळले, कारण तो अधूनमधून यायला लागला. पेटी घेऊन परत जाताना वाटेत नव्हे, आपल्या सुट्टीच्या दिवशी. पाण्याचेही त्यानेच एकदा सांगितले. भरलेली बाटली त्याच्या खांद्याला कायम असायची. पण दारात उभे राहून पेटी द्या म्हटले, की माणूस पेटी देतो आणि दार लावून घेतो. पाणी मागितले की त्याला आत जावे लागते, भांडे शोधावे लागते, तेवढाच हातांना उद्योग.

माझी सारी नोकरी पाणीपट्टीच्या कचेरीत गेली, त्यामुळे योजनेच्या खर्चाची गोष्ट निघाली की मी कान टवकारायचो. ती योजना प्रयोग म्हणून सुरू झाली होती. दोन अभ्यासक येऊन तिचा जमाखर्च मांडत होते. ड्रोन उडो न उडो, त्याची बॅटरी, विमा, चालवणाऱ्यांचे पगार चालूच. म्हणजे फेऱ्या जास्त झाल्या तर दर फेरीचा खर्च कमी. शिंपी म्हणाला, "मग रोज सकाळी एकाला जिन्यावरून ढकलू का? तेवढाच योजनेला हातभार." पेटीवाला खूप हसला. पण बऱ्याच फेऱ्या फुकटही जायच्या. पडलेला माणूस चक्कर येऊन पडलेला असायचा, पाणी मारले की उठून बसायचा. तरी एकदा फोडलेल्या पट्ट्या फेकायच्याच. दुसऱ्या बाजूला, जो वाचला तो पुढे किती वर्षे जगेल, त्याची किंमत. माझ्या बायकोची फेरी खर्चाच्या बाजूला धरलेली असणार. त्यात चूक काही नाही. मी तिथे असतो तर मीही तिथेच धरली असती.

या साऱ्या मांडणीत पेटी परत आणण्याला एक ओळ होती. त्याचे त्याला फार कौतुक. "अख्ख्या हिशेबात एक ओळ माझी आहे, काका," असे तो सांगायचा.

त्याला त्या योजनेतून एकच गोष्ट हवी होती. गावाबाहेर दगडखाणीजवळ एक वस्ती आहे, तिथे त्याची थोरली बहीण राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले. तिच्या छातीत अधूनमधून कळ यायची आणि खाणीच्या रस्त्याने रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत कुणाचाही जीव जाईल. ड्रोनची झेप वस्तीच्या अलीकडेच संपायची. घरे थोडी, त्यामुळे तिथे वेगळा ड्रोन परवडत नव्हता. केंद्राच्या मॅडमनी मात्र त्याला शब्द दिला होता, की प्रयोगाचा निकाल चांगला लागला तर दुसरे ठाणे खाणीच्या बाजूला मागू. त्याच्या बोलण्यात सारखे ते दुसरे ठाणे यायचे. ताईच्या दारात पेटी उतरू शकते एवढे झाले, की मी झोपायला मोकळा, असे तो म्हणायचा.

मग तो दिवस आला. निवृत्त शाळामास्तरीण, एकटी, तिचा भाऊ आदल्या दिवशी गेलेला. हा पेटी न्यायला गेला, पाणी मागितले, आणि तिची भाची पोहोचेपर्यंत बसला. केंद्रातली दुसरी पेटी दुरुस्तीला होती, तिसरी नुकतीच दुसरीकडे उतरली होती. तेवढ्यात एका गॅरेजमधला मेकॅनिक गाडीखालून बाहेर येता येता कोसळला. ड्रोन तयार होता, पेटी नव्हती. पेटीवाल्याचा फोन स्कूटरच्या डिकीत वाजत राहिला. रुग्णवाहिका गेली, पण माणूस वाचला नाही. पेटी असती तर वाचला असता का, हे सांगता येत नाही असे डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. पाणी मागितले नाही. बराच वेळ हेल्मेटचा पट्टा लावत आणि काढत बसला. मग म्हणाला, "काका, मी तिथून उठायला हवं होतं का? तुम्ही सांगा. तुमच्याकडे पण बसलो होतो मी."

याचे उत्तर देणारा माझ्याइतका योग्य माणूस आमच्या गावात नव्हता. तुम्ही बसलात म्हणून ती दुपार सरली, हे मला म्हणायचे होते. पण त्या मेकॅनिकलाही घर असेल, हे मनात आले. मी म्हणालो, चहा टाकतो. तो म्हणाला, टाका.

निकाल पुढे पेपरात आला. पेट्या परत यायला फार वेळ लागतो, त्यासाठी आणखी पेट्या आणि माणसे घ्यावी लागतील, मग एक जीव वाचवण्याचा खर्च झेपणारा नाही. त्यापेक्षा पेट्या दुकानांत, बँकांत, बस स्थानकावर भिंतीला टांगाव्यात, जो जवळ असेल त्याने धावत न्यावी. मी ती बातमी दोनदा वाचली. हिशेबात मला चूक सापडली नाही. आता एक पेटी शिंप्याच्या दुकानात आरशाशेजारी असते. खाणीच्या वस्तीत ना बँक ना दुकान.

मी त्याला समजावले, की वाऱ्यात ड्रोन उडत नसत, विमा वाढला होता, एकट्या तुमच्यामुळे काही झालेले नाही. त्याने ऐकून घेतले. म्हणाला, "असेल, काका. पण उशीर माझ्याच ओळीत होता ना."

भिंतीवरच्या पेट्या तपासत फिरायचे काम त्याला देत होते, ते त्याने घेतले नाही. छाती कशी दाबायची ते तो केंद्रात शिकला होता. ताईजवळ पेटी नाही तर निदान आपण असू, असे म्हणून तो वस्तीवर राहायला गेला.

मागच्या महिन्यात त्याची बहीण आमच्याकडे आली. आमचा जिना उभा आहे, शिंपीही मध्ये थांबतो. ती न थांबता चढून आली. भाऊ पोटाच्या दुखण्याने गेला म्हणाली. दुखणं अंगावर काढलं, माझ्या छातीकडे बघत बसला आणि स्वतःच्या पोटाचं बोलला नाही, असे ती म्हणाली, आणि मग रागाने रडली. मी आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणले.

वस्तीवर कायमचा निघाला त्या दिवशी तो निरोप घ्यायला आला होता, तेच आमचे शेवटचे बोलणे. स्कूटर केंद्राची, ती त्याने परत केली होती. हातात एक पिशवी, खांद्याला बाटली. दारातच उभा राहिला. मी म्हणालो, "आत या, पाणी आणतो."

"बाटली भरलेली आहे, काका," तो म्हणाला.

"मग नुसतं बसा थोडं. घाई आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "बस चुकेल."