उष्टं न खाणारा शाहीर

वाचनालयाच्या दारात चप्पल काढली की शाहीर आधीच सांगून टाकायचे, "भाऊ, फक्त पेपर. पुस्तक नको. आपण उष्टं खात नाय."

रोह्याच्या त्या लहानशा वाचनालयात मी पुस्तकं द्यायचं-घ्यायचं काम करायचो. शाहीर राहायला जवळच्या वरशाला, कामाला कंपनीत शिफ्टला. गणपतीत बाल्या नाचाच्या गोलात ढोलकीशेजारी उभे राहून ते स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. दुसऱ्याचं वाचलं की तेच आपल्या तोंडून बाहेर पडतं, अशी त्यांना गाणं शिकवणाऱ्या बुवांची शिकवण. रचायचं ते बुवांच्या गाण्यांच्या वळणावर, बस्स. म्हणून हा माणूस पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून बसायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मला रागही यायचा आणि हसूही.

गाणी मात्र, खरं सांगतो, सगळी एकसारखी. दरवर्षी तीच चंद्रमुखी गवळण, तीच सोन्याची घागर. पेणच्या शाहिराने एकदा भर गोलात विचारलं, तुमची गवळण म्हातारी कधी होणार? लोक हसले. आमचे शाहीरही हसले.

मग त्यांची मुलगी गेली. नुकती शाळेत जायला लागली होती. तापात पेणच्या दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही.

घरात तिचा एकही फोटो नव्हता. "चेहरा पुसट होत चाललाय, भाऊ," ते एकदा पेपरमागून म्हणाले. म्हणून त्यांनी तिच्यावर गाणं रचलं. त्यात कळी होती, चांदणी होती, उडून गेलेली मैना होती. बायको तांदूळ निवडत होती, तिला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "ही कुणाची पोर? आपली नाय."

दुसऱ्या दिवशी शाहिरांनी पेपर मागितला नाही. कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. मी हाताला येईल ते देत गेलो. प्रवासवर्णनं, शिकारीच्या गोष्टी, नाटकं, कुणाकुणाची आत्मचरित्रं. शिफ्ट सुटली की थेट यायचे. मी चिडवलं, "शाहीर, उष्टं चाललंय." ते हसले नाहीत. म्हणाले, "बुवांचं खोटं ठरलं तर माझी आजवरची गाणी कुठं ठेवू?" वाचून माणूस सुखी होतो असं मी लोकांना सांगत असे, ते तेव्हापासून बंद केलं.

एका पुस्तकात एका बाईने आपल्या गेलेल्या मुलाबद्दल एवढंच लिहिलं होतं, की भात कालवताना तो करंगळी वर धरायचा. शाहिरांनी ते पान माझ्यापुढे धरलं.

"एवढं बारीक लिवलं तरी चालतं व्हय?"

"चालतं," मी म्हटलं.

गणपतीच्या आधी त्यांनी नवं गाणं पुरं केलं. त्यात चांदणी नव्हती. ढोलकी वाजली की झोपेतही बोटं हलवणारी, माशातला काटा आधी बापाला दाखवणारी एक मुलगी होती. ते ऐकून बायकोने हातातलं सूप खाली ठेवलं. "हीच," ती म्हणाली. खूप रडली. आणि हे लोकांत म्हणू नका, असं बजावलं.

त्या वर्षी शाहीर गोलात उभे राहिले आणि पुन्हा चंद्रमुखी गवळण म्हणाले. पेणचा शाहीर पुन्हा हसला. गर्दीत उभ्या असलेल्या माझ्या अंगाची आग झाली. शाहीर मात्र खाली मान घालून शेवटपर्यंत गायले. पुढेही दरवर्षी तेच.

शाहीर गेल्यावर त्यांची बायको घरात राहिलेलं पुस्तक परत द्यायला आली. मी धीर करून मुलीवरच्या गाण्याचं विचारलं. कागदावर नव्हतं, पण तिला सगळं पाठ होतं. मी म्हटलं, सांगा, उतरून घेतो, नाहीतर ते जाईल.

"त्यात माझी पोर बसलीय, भाऊ," ती म्हणाली. "तिला गोलात कशाला उभी करू?"

ती निघाली. पायरीवर चप्पल घालताना तिचे ओठ हलताना दिसले. मी दारापर्यंत गेलो, पण काही ऐकू आलं नाही.