झाकणाआतला गेरू

मी गोरख. कापूरहोळच्या फाट्यावर, भोरकडं वळायच्या रस्त्याला माझं गॅरेज हाय. तीस वर्षं लोकांच्या गाड्या खोलतोय आन् बसवतोय. ह्या धंद्यानं मला रागीट केलं, का मुळातच रागीट म्हणून धंद्यात टिकलो, ते माझ्या बायकोला विचारा. पण हायवेवरच्या त्या काचेच्या शोरूमची गोष्ट निघाली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नाव घेत न्हाई. घेतलं तर हातातला चहा कडू लागंल.

गोष्ट माझी न्हाई, रायबाची हाय. विंझरच्या वर, डोंगराच्या पोटाला चारपाच घरांची धनगरवस्ती हाय, तितं तो राहतो. साठीचा गडी, डोक्याला लाल पटका, पायात टायरच्या वहाणा. शाळेचं तोंड बघितलं न्हाई, पण कळपातलं कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे अंधारातबी सांगंल. वर्षाला मेंढरं घेऊन कापूरहोळवरनं जाताना माझ्या गॅरेजमागच्या पडीक रानात बसायचा, तवापासनं आमची दोस्ती.

एकदा काय झालं, एका माणसानं त्याच्याकडं बोकडाचा इसार दिला आन् तीन महिने तोंडच दाखवलं न्हाई. मदी दुसरं गिऱ्हाईक दुप्पट दाम घेऊन आलं. रायबानं त्याला चहा पाजून वाटंला लावला. बोकड आजारी पडला तर भोरला नेऊन औषधपाणी केलं, सोताच्या खर्चानं. पहिला माणूस उगवला तवा ठरलेल्या पैशातच बोकड त्याच्या हवाली केला. म्या त्याला येड्यात काढलं, तर म्हणला, इसार घेतला तवाच ते त्याचं झालं, माझ्याकडं नुस्तं राखायला व्हतं. असा माणूस. आन् जनावर घेतलं की डाव्या कानात आतल्या अंगाला गेरूचा ठिपका लावायचा. पुसट झाला की परत लावायचा. कमरंच्या पिशवीत तंबाखू नसंल एखाद् वेळी, पण गेरूचा खडा असणारच.

दोन वर्षांपूर्वी सोजरावहिनींच्या किडन्या गेल्या. रायबाची बायको ती. मंगळवारी आन् शुक्रवारी पुण्याला डायलिसिस, चुकवून चालत न्हाई. पहाटं बॅटरी घेऊन अर्धा तास डोंगर उतरायचा, विंझरला येष्टीची वाट बघायची, तितनं पुणं. मशीनवरनं उठल्यावर पाय लटलटायचे, येष्टीत उलट्या व्हायच्या, आन् संध्याकाळी तोच डोंगर चढायचा. जीपवाला असायचा कधीमधी, पण लगीनसराई आली की त्याचा फोन बंद. लेक धनश्री भोरला जाऊन गाडी शिकून आली, लायसनबी काढलं. औंदा वस्तीपत्तोर कच्चा रस्ता झाला, आन् रायबानं ठरवलं, निम्मी मेंढरं विकायची आन् गाडी घ्यायची. बायकूला दारातनं दवाखान्याच्या दारात न्यायची. एवढीच त्याची हौस.

गणपतीच्या आधी आमी दोघं शोरूमला गेलो. पटका बघून कुणी उठलं न्हाई. पाऊण तास आमी सोफ्यावर बसून काचंतनं हायवे बघतोय. एक पोरगा आला, विचारलं, काका कुणाबरोबर आलात? म्हंजे ह्यांचा मालक कुठं हाय, असं. म्या म्हणलं, मालक ह्योच, रोखीनं घेणार हाय. तवा पाण्याच्या बाटल्या आल्या, बिस्किटं आली, साहेब आला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, तोंडात साखर.

रायबानं पैलं सांगितलं, फोटो दावू नगा, गाडी दावा. मागच्या आवारात एक पांढरी गाडी उभी व्हती. त्यानं तिला दोन फेऱ्या मारल्या, दारं उघडली, मिटली, वहिनींना आडवं व्हता येतंय का म्हणून मागच्या सीटवर सोता आडवा झाला. पसंत पडली. इसार दिला, पावती झाली. साहेब हसून म्हणला, काका, ही आता तुमचीच समजा, दसऱ्याला हार घालून न्या.

आता बाजारात इसारानंतर असं म्हणलं की सौदा पक्का. रायबानं पिशवीतनं गेरू काढला, बाटलीतल्या पाण्यानं बोट भिजवलं, पेट्रोलचं झाकण उघडायला लावलं आन् झाकणाच्या आतल्या अंगाला बोटाएवढा ठिपका लावला. मेंढीच्या कानात लावतो तसा. त्या पट्टेवाल्या साहेबानं त्याचा फोटो काढला, लई भारी काका म्हणला. मला तवाच शंका यायला पायजे व्हती. माणूस हसतोय का दात दावतोय, हे मला तीस वर्षांत कळलं न्हाई.

मेंढरं विकली. नवरात्रात सगळे पैसे पोचले. मदी त्यांनी इमा आमच्याकडचाच घ्या म्हणून गळ्यात मारला, चटया-कव्हरं मारली, आन् हाताळणी म्हणून कसलासा आकार लावला. अरे, मेंढरू इकताना त्याला दावं लावल्याचे पैसे कुणी घेतं का? मी भांडायला उठलो तर रायबानं मला खाली बसवलं. सणासुदीचं तोंड वाईट नगं म्हणला.

दसऱ्याला वहिनीसुदिक आल्या. नवं लुगडं नेसलेल्या, हातात नारळ. धनश्रीनं हार आणलेला. आन् शोरूमात पट्टेवाला साहेब सुट्टीवर! दुसरीच एक बाई संगणकात बघून म्हणली, तुमची गाडी कंपनीतनं निघाली हाय, तीन आठवडे लागतील. म्या विचारलं, आवारातल्या गाडीला काय पाय फुटले? तिला काय ठावं नव्हतं.

रायबा मागं चालू लागला. आमी मागोमाग. आवारात ती पांढरी गाडी तांबड्या चकचकीत कापडाखाली झाकलेली, आन् शेजारी एक कुटुंब फोटोसाठी नटून उभं. कुणी ठेकेदार व्हता, एकदम तीन गाड्या घेणारा. रायबानं कापड बाजूला सारलं, झाकण उघडायला लावलं. आत ठिपका, जसा लावला तसा.

तोवर म्यानेजर धावत आला. गाडी कुणाची हे बिल झाल्यावर ठरतं, त्याआधी बोट दाखवून काय होत न्हाई, सिस्टीम ठरवती, असं त्याचं पाल्हाळ. रायबा ऐकून घेत व्हता. मग म्हणला, "साहेब, इसार घेऊन जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधणाऱ्याला आमच्या बाजारात कुणी शेजारी उभं करत न्हाई. माझी खूण हाय हिच्यावर."

ठेकेदाराच्या बायकोनं खूण बघून नाक मुरडलं. नव्या गाडीला डाग कसला, म्हणली. झालं, म्यानेजरला निमित्तच पायजे व्हतं. म्हणला, तुमी कंपनीच्या गाडीचा रंग खराब केलाय, पॉलिशचा खर्च तुमच्याकडनं घ्यावा लागंल.

माझं डोस्कंच फिरलं. गेरू! पाण्यानं जाणारा गेरू! म्या अंगठ्याला थुका लावला आन् सगळ्यांच्या देखत तो ठिपका चोळला. एका फटक्यात साफ. म्हणलं, बघ, कुठाय तुझा डाग?

म्यानेजर गार आवाजात म्हणला, "मग ह्यांची खूण तरी कुठाय?"

रायबानं माझ्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीस वर्षांत त्यानं माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं. वहिनी नारळ घेऊन तशाच उभ्या. तांबडं कापड परत ओढलं गेलं, फोटो काढले गेले, आन् गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. माझा अंगठा दिवसभर तांबडा व्हता. लाज वाटायची तो हात जेवणाला लावायची.

रायबानं बुकिंग मोडलं. पैसे परत द्यायला ह्यांनी दिवाळी घालवली, आज सही न्हाई, उद्या साहेब न्हाई. परत दिले ते कापून, आन् कापलेल्यात पॉलिशबी धरलेलं. चोर तो चोर, वर शिरजोर. पण पैसा कापला त्याचं मला काय न्हाई. दिवस कापले त्याचं हाय. भाऊबीजेच्या मंगळवारी जीपवाला बहिणीकडं, येष्टी आली न्हाई, वहिनींचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड सुजलं, रात्री छातीत पाणी झालं. गाडी मिळंना म्हणून डोलीत घालून खाली आणल्या. सहा दिवस दवाखान्यात, त्यातले दोन दिवस डाक्टर आमच्याशी नजर मिळवून बोलत नव्हते.

आन् त्याच दवाखान्याच्या जिन्यात रायबाचा फोन वाजला. शोरूममदनं एक गोड आवाजाची पोरगी. आमची सेवा कशी वाटली, दहापैकी किती गुण द्याल? रायबाला काय कळलंच न्हाई, त्यानं फोन माझ्या हातात दिला. मी त्या पोरीला काय बोललो ते हितं सांगता येणार न्हाई. तिचा काय दोष, ती पगाराची नोकर. पण ज्याला बोलायचं तो कधी फोनवर येतोय का?

वहिनी वाचल्या. घरी आल्यावर धनश्रीनं मोबाईल काढला. म्हणली, आता शोरूमची पायरी चढायची न्हाई, हितनंच वापरलेली गाडी मागवते. रायबा भडकला. दुधानं तोंड पोळलेला माणूस तो. फोटो बघून सोयरीक करायची का, म्हणला. मलाबी पटलं नव्हतं. शोरूमात निदान कॉलर धरायला माणूस तरी असतो, मोबाईलवर भांडायचं तर एक दाबा, दोन दाबा.

मग धनश्रीनं दोन गोष्टी वाचून दाखवल्या. एक, मागच्या दाराला रंग परत मारलेला हाय, असं त्यांनीच लिवलेलं, फोटोसकट. दुसरं, सात दिवस वापरा, न्हाई पटली तर आमी परत नेऊ. रायबा ऐकायला फुडं सरकला. बैल घेताना चार दिवस औताला जुंपून बघायची आमच्याकडं रीतच हाय, आन् खोट आधी सांगणारा इकणारा बाजारात शंभरात एक. ज्यांनी कधी बाजार बघितला न्हाई त्यांना रीत ठावं, आन् समोर बसून बिस्किटं देणाऱ्यांना न्हाई. ह्याचाच मला जास्त राग आला.

गाडी विंझरला आली. म्या खाली शिरून बघितली. दाराचा रंग सांगितल्यापरमाणं, एक टायर झिजलेला, तोबी सांगितलेला. सात दिवस रायबानं तिला बैलागत तपासलं. चढाला भरून नेली, उताराला थांबवली. मंगळवारी वहिनी पुण्याला गेल्या, शुक्रवारी गेल्या. मागच्या सीटवर आडव्या होऊन आल्या, उलटी न्हाई. धनश्री गाडी अशी हळू आणायची की मागचे ट्रकवाले शिव्या घालायचे.

आठव्या दिवशी मी मुद्दाम वस्तीवर गेलो. ठेवायची ठरलं व्हतं. म्या पेट्रोलचं झाकण उघडलं आन् रायबाला म्हणलं, लाव आता. त्यानं पिशवीतनं खडा काढला, बोट भिजवलं आन् हात थांबला. मग बोट पटक्याला पुसलं.

"नगं," म्हणला. "लावला की जाती."

जन्मभर ह्या माणसानं प्रत्येक जनावराच्या कानाला खूण केली, आन् कुणाची पुसली न्हाई. त्याच्या हातात आता खूण करायची धमक उरली नव्हती. काचेच्या आत बसलेल्यांनी ती घेतली, आन् पुसायला अंगठा माझा व्हता.

वहिनी ओट्यावर बसलेल्या. त्यांच्या डाव्या हातावर सुया टोचून टोचून शीर दोरीएवढी फुगलीय. त्या उठल्या, भिंतीला धरत धरत आल्या, रायबाच्या हातातनं खडा घेतला. दिवसाला त्यांना मोजून एवढंसं पाणी प्यायला मिळतं. त्या वाटीतल्या पाण्यात त्यांनी बोट बुडवलं.

"ह्यात बसून मला जगायचं हाय," त्या म्हणल्या. "खूण मी करणार."

झाकणाच्या आत त्यांनी ठिपका लावला. मग माझ्याकडं वळून म्हणल्या, भावजी, तुमी हात मागं बांधा. म्या बांधले. गाडी आता मंगळवारी-शुक्रवारी वाट वाकडी करून माझ्या फाट्यावर येती, हवा बघायला थांबती. मी टायरला हात लावतो. झाकणाला लावत न्हाई.